फळी आणि पट्टा

१

बत्तीवाले काका बुडून मेले, यावर त्या किनाऱ्यावर कुणाचा विश्वास बसेना. अहो, चाळीस वर्षं हा माणूस रोज पायी बेटावर जात होता, दीपगृहाच्या काचा पुसत होता आणि पायीच परत येत होता. किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्राच्या पोटातून गेलेली दगडी वाट ती. ओहोटीला चार तास उघडी, बाकीचा वेळ पाण्याखाली. काका झोपेत चालत गेले असते तरी त्या वाटेवर चुकले नसते. आणि तेच काका साऱ्या किनाऱ्यादेखत पाण्यात गेले, कुणाला तिथवर पोचता आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी वाट उघडली तेव्हा मधल्या खोलगटात, दोन दगडांच्या फटीत पाय अडकून पडलेले सापडले. चष्मा काढून खिशात नीट ठेवलेला होता. म्हणजे पाणी गळ्याशी आलं तेव्हा माणूस शुद्धीवर होता, चष्म्याची काळजी करत होता.

खापर फोडायला डोकं लागतंच, आणि ते काका बुडाल्यावर तासाभरातच सापडलं होतं. किनाऱ्यावर फाटकापाशी एक काळी फळी आहे. वाट कधी उघडणार, कधी बंद होणार, ते रोज सकाळी छापील तक्त्यात बघून तिच्यावर खडूनं लिहायचं, हे काम काकांच्या लेकीचं. त्या दिवशी तक्त्यात वाट बंद व्हायची वेळ होती दोन-चाळीस. फळीवर होती तीन-चाळीस. पुरा एक तास! सख्ख्या मुलीनं बापाला तासभर उशिरा पाण्यात घातलं, असं जो तो म्हणू लागला. बंदर अधिकाऱ्यांनी फळी काढून कचेरीत कुलपात ठेवली, मुलीला घरी बसवलं आणि वर कळवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौकशीबाई आल्या. पन्नाशीची, डाव्या गुडघ्यानं अधू, तोंडानं फटकळ बाई. पर्समध्ये बंदुकीऐवजी शिंप्याची टेप. आई शिवणकाम करायची, तिची ती आठवण. आल्या आल्या त्यांनी मुलीला बोलावलं.

"तूच लिहिलंस तीन-चाळीस?"

मुलगी समोर उभी होती. डोळे सुजलेले, बोटांच्या टोकांना अजून खडू. "आठवत नाही," ती म्हणाली. "आई तापानं फणफणली होती. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. सकाळी आले, तक्ता बघितला, लिहिलं. दोन लिहिलं की तीन, देवाशपथ आठवत नाही हो बाई."

"आठवत नाही म्हणजे काय? एरवी चुकतेस?"

"आजवर कधी नाही. पण एकदाच चुकायला किती वेळ लागतो?" तिनं खडूची बोटं एकमेकांवर घासली. "मला तुरुंगात टाका, काहीही करा. फक्त एवढं सांगा, बाबांना मी मारलं का? तेवढं कळल्याशिवाय मला घास उतरत नाही. आईच्या तोंडाकडे बघवत नाही."

चौकशीबाई उठल्या. त्यांनी कुलूप काढायला लावलं, फळी टेबलावर आडवी ठेवली आणि चष्मा चढवला. वर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'आज: १०:४० ते ३:४०'. खाली बारीक अक्षरात, 'उद्या: ११:२० ते ३:२०'.

"उद्याची वेळ कशाला लिहितेस?"

"लोकांना आदल्या दिवशी ठरवायला बरं पडतं म्हणून."

बाईंनी दोन्ही ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग बंदर अधिकाऱ्यांकडे वळल्या. "साहेब, ही फळी तुम्ही स्वतः वाचली होती?"

"वाचली म्हणजे? तीन-चाळीस! काळ्यावर पांढरं आहे."

"वरची ओळ वाचलीत. राग आला की माणूस वरचीच ओळ वाचतो," बाई म्हणाल्या. "पोरी, घरी जा आणि दोन घास खा. या फळीला तुझ्यानंतर आणखी कुणाचा तरी हात लागलाय."

२

पण कुणाचा? आणि त्याहून मोठा प्रश्न असा की फळीवर काहीही लिहिलेलं असो, काकांसारखा मुरलेला माणूस पाणी चढताना निघालाच कसा?

काकांशी वैर असलेला माणूस एकच, आणि तो निघाला त्यांच्याच बायकोचा भाऊ. सगळे त्याला होडीवाला मामा म्हणत. वाट दुरुस्त करायची की होडी चालू ठेवायची, यावरून दोघांचं फाटलं त्याला अकरा वर्षं झाली. मामांनी बेटावर पाय ठेवणं सोडलं ते सोडलंच. बाई गेल्या तेव्हा मामा पालथ्या होडीच्या सावलीत, हातात काही काम नसताना बसले होते.

"त्या दिवशी तुमची होडी पाण्यात होती म्हणे."

"होती. बेटाच्या पल्याडच्या अंगाला."

"मग काही ऐकलंत?"

मामांनी होडीच्या तळावर हात ठेवला. "शीळ ऐकली," ते म्हणाले. "दाजीची शीळ मी हजारात ओळखीन. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला शीळ घातली, आणि मला वाटलं, डिवचतोय मेला. मी होडी उलट्या दिशेला वळवली बाई. लिहून घ्या. फाशी द्यायची तर त्यापायी मला द्या."

बाईंनी ते लिहून घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "पाणी त्या दिवशी जास्त होतं का?"

"जास्त? माजलं होतं! पुनव होऊन गेली की दुसऱ्या दिवशी खरा जोर. पुनवेला चंद्र एका बाजूला, सूर्य दुसऱ्या बाजूला, दोघं एकाच रेषेत ओढतात. पण एवढं थोरलं पाणी, ओढल्याबरोबर थोडंच हलणार? त्याला अंग झाडून उठायला दिवसभर जातो. मग उतरतं तेही फार आणि चढतं तेही घोड्यासारखं. अर्ध्या चंद्राच्या दिवसांत मात्र सूर्य एकीकडे खेचतो नि चंद्र दुसरीकडे, त्यामुळे पाणी मेंगळट. तेव्हा उशीर झाला तर घोटे भिजतात. पुनवेनंतर उशीर झाला तर माणूस जातो. दाजीला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं."

तिथून बाई मुकादमाकडे गेल्या. वाटेची दुरुस्ती करायला हा आतल्या मुलखातून आलेला तरुण. समुद्र त्यानं दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पाहिलेला. पत्र्याच्या खोलीत टेबल लखलखीत, फाइली एका ओळीत. कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा एक डबा होता, झाकणाचं सील शाबूत. त्यानं बाईंना खुर्ची दिली, गुडघा बघून पायाखाली फळकूटही सरकवलं.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "त्या दिवशी मीही बेटावरच होतो. खांबाला रंगाचा दुसरा हात द्यायला गेलो होतो."

"कसला खांब?"

"बेटाच्या टोकाला, वाट सुरू होते तिथे खांब आहे, त्यावर पांढरा पट्टा. पाणी पट्ट्याला टेकलं की निघायचं नाही. काका फळीबिळी मानत नसत, त्यांचा विश्वास पट्ट्यावर. जुना लाकडी खांब कुजला होता, सतरा दिवसांपूर्वी मी लोखंडी बसवला. पट्टा बुंध्यापासून जितका उंच होता तितकाच ठेवलाय. हे बघा माप. केसाचा फरक काढून दाखवा."

"मग त्या दिवशी परत कधी आलात?"

"अडीचला. धावतपळतच आलो म्हणा ना, वेळ भरत आली होती. काकांनाही म्हटलं, चला. ते म्हणाले, पट्टा अजून लांब आहे, तू हो पुढे."

"आणि तुम्ही झालात पुढे."

"हो." तो बाईंच्या गुडघ्याकडे बघत होता. "मी झालो पुढे."

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. त्या कोऱ्या डब्याकडे एकदा आणि त्या तरुणाकडे एकदा बघून बाहेर पडल्या.

३

वाट उघडल्यावर बाई बेटाकडे निघाल्या. बरोबर कोण येणार, तर मामा म्हणाले, "मी येतो." अकरा वर्षांनी त्यांचा पाय त्या दगडांवर पडला. खोलगटाशी आले तेव्हा ते खाली वाकले, एका दगडाला हात लावला आणि तसेच पुढे चालू लागले.

खांब नवाकोरा होता. बाईंनी टेप काढली. बुंध्यापासून पट्ट्यापर्यंतचं माप मुकादमाच्या कागदाशी तंतोतंत जुळलं.

"मुकादम खरं बोलतोय," मामा म्हणाले.

"हो ना. म्हणूनच मला धडकी भरते आहे. जुना खांब कुठे टाकला असेल?"

तो दीपगृहाच्या कोठीमागे पडला होता. भरतीचं पाणी जिथवर रोज चढतं तिथवर त्याला पांढऱ्या खरखरीत शिंपल्यांचं कवच चढलेलं. खडकाला चिकटून जन्म काढणारे ते बारके जीव, पायाला कापतात ते. बाईंनी मोजलं. पट्ट्यापासून वर, शिंपल्यांच्या वरच्या कडेपर्यंत बरोबर दोन वीत. मग त्या नव्या खांबाशी परत आल्या. शेजारीच जुना खडक होता, त्यावरही तसलेच शिंपले. पट्ट्याच्या उंचीपासून वर शिंपल्यांच्या कडेपर्यंत त्यांनी टेप धरली.

"किती?" मामांनी विचारलं.

"एक वीत."

"असं कसं होईल? पाणी तर तेच आहे."

"पाणी तेच आहे, खडक तोच आहे, शिंपले तेच आहेत. म्हणजे वर चढला तो पट्टा." बाईंनी काठीनं खांबाच्या बुंध्याभोवतीची वाळू आणि शेवाळ खरवडलं. खाली काँक्रीटचा ओटा होता, एक वीत उंचीचा. लोखंडी खांब पक्का बसावा म्हणून घातलेला. मुकादमानं माप घेतलं ते जुन्या खांबाच्या बुंध्यापासून, आणि दिलं ते ओट्याच्या माथ्यापासून.

मामांनी ओट्यावर हात ठेवला. "वीतभर! पुनवेनंतरच्या पाण्यात वीतभर म्हणजे वीस मिनिटं. तो आपला पट्ट्याकडे बघत बसला असेल, आणि पट्टा..."

बाई दीपगृहात शिरल्या. काकांची रोजची वही टेबलावर होती. वर्षानुवर्षं दोनच रकाने, 'लेकीची फळी' आणि 'माझा पट्टा', म्हणजे पाणी पट्ट्याला कधी टेकेल याचा निघण्याआधी बांधलेला अंदाज. तक्त्यातली वेळच अर्धा तास राखून छापलेली असते, म्हणून दोन्हींत रोज अर्ध्या तासाचं अंतर. सतरा दिवसांपूर्वीपर्यंत. त्यानंतर पाऊण तास, पन्नास मिनिटं, एकदा तर तास. आणि शेवटची ओळ: 'फळी २:४०. पट्टा ३:३०.'

काकांनी जाताना फळी वाचली होती. फळीवर दोन-चाळीसच होतं!

बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. पण त्या आकड्यांच्या कडेला काकांनी रोज काहीबाही लिहिलं होतं, ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?" मामांनी दारातून विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि वही पर्समध्ये घातली. "चला, आज वाट चारला बंद होते."

४

कचेरीत चौघं बसले. बंदर अधिकारी, मामा, मुकादम आणि बाई. मध्ये फळी.

"साहेब, आता खालची ओळ वाचा," बाई म्हणाल्या.

"उद्या: अकरा-वीस ते तीन-वीस."

"आणि आज?"

"तीन-चाळीस..." अधिकारी थांबले. कपाळावर हात मारला. "अरे देवा! उद्या आजच्यापेक्षा लवकर?"

"चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा चाळीस मिनिटं, कधी तासभर उशिरा उगवतो, आणि पाणी त्याच्या मागे मागे. ते उद्या आजच्या आधी कधी आलंय? दोन-चाळीसनंतर तीन-वीस हे बरोबर बसतं. तीन-चाळीसनंतर तीन-वीस जगाच्या पाठीवर कुठेच होत नाही. पोरीनं दोनच लिहिला होता. दोनाचा तीन करायला खडूचा एक फटकारा पुरतो. पण ज्यानं तो मारला त्याला खालची ओळ बदलायची अक्कल नव्हती. म्हणजे मामा नाहीत, साहेब तुम्ही नाही, या किनाऱ्यावर वाढलेलं कुणीच नाही."

मुकादम हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "म्हणजे मी? मी कशाला असलं करू?"

"तुम्हीच मला सांगितलंत. अडीचला धावतपळत आलात, वेळ भरत आली होती म्हणून. फळीवर तीन-चाळीस असतं तर तुमच्याकडे तासाहून जास्त वेळ होता. मग धावलात कशाला? तुम्ही दोन-चाळीस वाचलं होतंत. आणि तुमचा भरवसा फळीवर होता, स्वतः बसवलेल्या पट्ट्यावर नव्हता. का नव्हता, ते मी बेटावर मोजून आले आहे. एक वीत."

मुकादमानं फळीवरून नजर काढली.

"रंगाचा दुसरा हात द्यायला गेला होतात ना? मग डब्याचं सील का तुटलं नाही?"

मुकादमानं कोपरं टेबलावर टेकली. मग तो बोलायला लागला, आणि एकदा लागल्यावर थांबेना. खांब बसवल्यावर नवव्या दिवशी त्याचे मजूर पट्टा बघून निघाले आणि घोट्यापर्यंत भिजून आले, तेव्हा त्याला चूक कळली होती. पट्टा खाली घ्यायला रंग हवा, रंग वाळायला कोरडा खांब हवा, आणि खांब जास्त वेळ कोरडा राहतो तो मोठ्या ओहोटीलाच. म्हणून तो थांबला. त्याचं हे पहिलं स्वतंत्र काम होतं. गुपचूप रंगवून टाकू, कुणाला कळणार नाही, असं त्यानं ठरवलं.

"त्या दिवशी डबा घेऊन गेलो. काका खांबाशीच बसून होते, उठेचनात. त्यांच्यासमोर पट्टा खाली कसा घेणार? वाट बघितली. ते मला समजावत बसले, चंद्र एकच असून पाणी दिवसातून दोनदा का चढतं ते. एक फुगवटा चंद्राच्या बाजूला, दुसरा उलट्या बाजूला, आणि आपण गोल फिरत दोन्हींखालून जातो. ओल्या वाळूत चित्र काढून दाखवलं. मी हो हो म्हणत होतो आणि मनात म्हणत होतो, आता उठतील, आता उठतील."

"आणि अडीचला तुम्ही उठलात."

"सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. वाटलं, एवढा जाणता माणूस आहे, निभावून नेईल."

"मग किनाऱ्यावरून ते बुडताना बघितलेत."

"सगळे पाण्याकडे धावले. फाटकापाशी मी एकटाच उरलो. खडू तिथेच होता." त्यानं चेहरा हातांनी झाकला. "मला वाटलं, बापलेक आहेत. लोक तिला माफ करतील."

मामा उठले. मुकादमाच्या अंगावर धावून जाणार असं अधिकाऱ्यांना वाटलं. पण मामा त्याच्यासमोर नुसतेच उभे राहिले. "एक शब्द बोलायचा होता रे तुला," ते म्हणाले. "आणि मला नुसती होडी वळवायची होती." मग ते बाहेर निघून गेले.

५

मुलगी फाटकाशी उभी होती. मामांनी तिला सगळं सांगितलं होतं. ती बाईंच्या पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिला मध्येच धरलं.

"तू मारलं नाहीस," त्या म्हणाल्या. "हे आधी नीट ऐक. फळीवर दोन-चाळीसच होतं."

"पण मग बाबा थांबले का? माझी फळी वाचूनही?"

हाच प्रश्न येणार हे बाईंना माहीत होतं. वाटभर त्यांनी विचार केला होता. वहीचं ते पान पुरावा होतं. महिन्या-दोन महिन्यांनी कोर्टात कुणीतरी परका माणूस ते मोठ्यानं वाचणार, आणि ही मागच्या बाकावर बसून ऐकणार. त्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. त्यांनी वही उघडून तिच्या हातात दिली.

काकांचं अक्षर मोठं आणि सरळ होतं. 'फळी आणि पट्टा यांत पाऊण तास पडतोय. पट्टा मापून बसवलाय, तो चुकणार नाही. पोरगी आईच्या आजारपणात दमली आहे, आकडे चुकत असतील.' पुढच्या दिवशी: 'आजही. साहेबांना सांगितलं तर तिची नोकरी जाईल. गप्प बसावं. फळी वाट वेळेआधीच बंद सांगते आहे, त्यात कुणाचा जीव जात नाही.' आणि शेवटच्या दिवशी: 'फळी २:४०. पट्टा ३:३०. आज घरी गेल्यावर तिला हळूच विचारतो. रागवायचं नाही.'

मुलीनं ते दोनदा वाचलं. खाली पाणी चढत होतं, वाटेचे मधले दगड एकेक करून दिसेनासे होत होते.

"बाबांना वाटलं, मी चुकते."

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "हो," त्या म्हणाल्या. "आणि तुला कुणी बोलू नये म्हणून ते कुणाशीच बोलले नाहीत. मुकादमाला जरी विचारलं असतं, तरी..."

मुलीनं वही मिटून परत दिली. मग तिनं फाटकाच्या कोनाड्यातला खडू उचलला. कुलपातली फळी पुरावा म्हणून राहणार होती, तिच्या जागी अधिकाऱ्यांनी दुसरी टांगली होती, आणि तिच्यावर उद्याची ओळ कुणीच लिहिली नव्हती. तिनं तक्ता उघडला, बोट ठेवून वाचलं, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'उद्या: १२:४० ते ४:४०'.

"तक्त्याशी ताडून बघता?" तिनं विचारलं.

बाईंनी चष्मा चढवला. एकदा नाही, तीनदा बघितलं. "बरोबर आहे."

"बरोबरच होतं," मुलगी म्हणाली. "रोज बरोबर होतं हो, बाबा." आणि खडू हातात तसाच धरून ती फळीला डोकं टेकवून रडू लागली.